औषधांची किंमत नेमकी कुठे ठरते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील दोघांनाही रक्तदाब आणि मधुमेह, वडिलांना हृदयाचीही औषधं चालू, आणि मेडिकलचं महिन्याचं बिल साडेचार हजारांच्या घरात. भारत जगाला स्वस्त औषधं पुरवतो, मग आपल्याच घरात ती महाग का? आणि डॉक्टरांना जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ घटकाच्या नावाने औषध लिहिण्याची सक्ती केली तर प्रश्न सुटेल का?

मी औषधनिर्माणशास्त्र शिकलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं रुग्णालयांच्या औषध खरेदीत काढली. आधी सरकारी नोकरीत होतो, आता एका धर्मादाय रुग्णालयात आहे. त्यामुळे मी खरेदीच्या बाजूने बोलणार. डॉक्टर किंवा कंपनीतला माणूस कदाचित वेगळ्या जागी जोर देईल.

प्रश्नाची मांडणी जरा बदलू या. आपल्याकडे औषध बनवायला जास्त खर्च येतो म्हणून ते महाग मिळतं, असं नाही. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन, अटॉरव्हास्टॅटिन ही तुमच्या यादीतली औषधं जुनी आहेत, त्यांची पेटंट कधीच संपली. मोठ्या निविदेत यांच्या एका गोळीचा भाव बहुधा पैशांत निघतो. दुकानात मात्र यातल्याच काही गोळ्या सहा-आठ रुपयांना पडतात. हा फरक कारखान्यात तयार होत नाही. कारखान्याच्या फाटकापासून तुमच्या हातापर्यंतच्या वाटेवर तो तयार होतो. तेव्हा विचारायचं ते हे, की या वाटेवर किंमत कोण ठरवतं आणि ती खाली खेचण्याची ताकद कोणाकडे आहे.

एरवी खरेदीत निवडणारा आणि पैसे देणारा एकच असतो. औषधात डॉक्टर निवडतात, पैसे रुग्ण देतो, आणि रुग्णाला माल पारखताही येत नाही. त्यामुळे कंपन्यांची चढाओढ किमतीवर होत नाही. ती होते डॉक्टरांच्या टेबलावर आणि दुकानदाराच्या नफ्यावर. एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे फिरणारे कंपनीचे प्रतिनिधी, त्यांचे पगार, परिषदा, घाऊक विक्रेत्यांच्या (स्टॉकिस्टच्या) स्कीम, सगळं शेवटी एमआरपीत जाऊन बसतं. इतकी वर्षं दरपत्रकं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालंय: समोर जाणकार, मोठा आणि वेळेवर पैसे देणारा खरेदीदार असला की भाव पडतो. एकटा रुग्ण समोर असला की पडत नाही. दरनियंत्रण, पेटंटचे नियम, जेनेरिकची सक्ती यांची गरज आहेच, पण अशा खरेदीदाराची उणीव त्यातल्या कशानेही भरून निघत नाही.

घरातली एखादी स्ट्रिप घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच स्ट्रिपवर दोन नावं दिसतील: विकणारी कंपनी एक आणि बनवणारी दुसरी. बनवणाऱ्याचा पत्ता बद्दी, हरिद्वार किंवा सिक्कीमचा असण्याची शक्यता बरीच. असा एकच कारखाना तीच गोळी तीन प्रकारे बाहेर पाठवतो. पहिली नामवंत कंपनीच्या ब्रँडमध्ये जाते, तिच्यामागे एमआर फिरतात. दुसरी ट्रेड जेनेरिक म्हणून थेट दुकानदाराकडे जाते, तिच्यामागे एमआर नसतात. तिसरी जाते रुग्णालयांच्या निविदेत. गोळी तीच असली, तरी भाव तीन.

यातला दुसरा प्रकार नीट समजून घ्या, कारण तुमची फसगत तिथे होऊ शकते. ब्रँडेड औषधावर दुकानदाराला साधारण २० टक्के मिळतात, दरनियंत्रणातल्या औषधावर १६. ट्रेड जेनेरिकवर एमआरपी मात्र ब्रँडच्या जवळपास छापलेली असते आणि दुकानदाराला ती अगदी कमी भावात पडते. शंभर रुपये छापलेली स्ट्रिप त्याला वीस-पंचवीसला मिळते, अशी दरपत्रकं माझ्याकडे नेहमी येतात. त्यावर त्याने तीस टक्के सूट दिली तर रुग्ण खूश होऊन जातो. औषध स्वस्त बनलं, कायद्याप्रमाणे विकलंही गेलं, पण त्या स्वस्ताईचा मोठा वाटा रुग्णापर्यंत आला नाही. दुकानदारांना मी खलनायक ठरवत नाही. दुकानाचं भाडं, फार्मासिस्टचा पगार, मुदत संपलेल्या मालाचा तोटा आणि ऑनलाइनवाल्यांची सूट, या सगळ्यांत त्यांनाही तग धरायचा असतो. नफा ज्या मालावर जास्त, तो माल पुढे सरकणारच.

म्हणूनच नुसत्या जेनेरिक सक्तीबद्दल मला शंका आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना जेनेरिक नावानेच लिहिणं बंधनकारक करणारे नियम आणले आणि विरोध होताच त्याच महिन्यात स्थगित केले. समजा, ते लागू राहिले असते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर फक्त ‘टेल्मिसार्टन ४०’ लिहिलं असतं. मग कोणत्या कंपनीची गोळी द्यायची, हे कोणी ठरवलं असतं? दुकानदाराने. आणि त्याने कोणती दिली असती, ते वर आलंच आहे. निवड एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली असती, रुग्णाच्या हाती आली नसती. डॉक्टरांचा आक्षेप दर्जाचा होता आणि तो अगदीच निराधार नाही. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांत औषधाचा अंशही नव्हता, हे २०२३ मध्ये तपासणीतून बाहेर आलं. अशी एक बातमी आली की लोकांचा स्वस्त औषधावरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार काळ जातो. दर्जाची हमी दिल्याशिवाय सक्ती केली तर ती टिकणार नाही.

आता पेटंटकडे येतो. तुमच्या यादीतल्या बहुतेक औषधांना तो मुद्दा लागू नाही, पण भारत जगाचं औषधालय झाला तो कसा, हे त्याशिवाय कळत नाही. १९११ च्या इंग्रजी काळातल्या कायद्यात औषधाच्या रेणूवरच, म्हणजे मूळ पदार्थावरच, मक्तेदारी मिळत असे आणि स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं आपल्याकडची औषधं महाग होती. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्याने औषधांच्या बाबतीत फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला पेटंट ठेवलं. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला मोकळीक मिळाली आणि आपले रसायनशास्त्रज्ञ त्यात तरबेज झाले. सरकारी कारखान्यांनी माणसं आधीच घडवली होती. पिंपरीचं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभं राहिलं, त्याचाही यात वाटा आहे. फळ २००१ मध्ये जगाने पाहिलं: सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी एचआयव्हीची तीन औषधांची उपचारपद्धती रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा तिचा पाश्चात्त्य भाव दहा हजार डॉलरच्या वर होता.

२००५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे रेणूवरचं पेटंट परत आलं. तरी कायद्यात दोन दारं उघडी राहिली. एक कलम ३(ड): जुन्याच औषधाचं किरकोळ बदललेलं रूप, ज्याने गुण वाढत नाही, त्याला नवं पेटंट नाही. याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचा दावा फेटाळला. दुसरं सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असतानाही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवायची सरकारने दिलेली परवानगी. २०१२ मध्ये नॅटको कंपनीला कर्करोगावरचं सोराफेनिब बनवायचा असा परवाना मिळाला आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध ८,८८० रुपयांवर आलं. तेव्हापासून दुसरा असा परवाना निघालेला नाही, याची मला खंत वाटते. क्षयाच्या बेडाक्विलिनचं पेटंट लांबवण्याचा प्रयत्न मात्र मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने नाकारला. तो अर्ज अडवणाऱ्यांत मुंबईच्या नंदिता वेंकटेशन होत्या, त्या स्वतः क्षयातून उठलेल्या. रुग्णालाही पेटंटला हरकत घेता येते, हे आपल्या कायद्याचं बळ आहे आणि फार थोड्यांना ते ठाऊक असतं.

पेटंट संपल्यावर काय होतं, ते अलीकडचं उदाहरण घ्या. मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनची गोळी साठ रुपयांच्या आसपास होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं आणि काही आठवड्यांत कितीतरी कंपन्यांची गोळी बाजारात आली, काहींची दहा रुपयांच्याही आत. वडिलांच्या चिठ्ठीत हे औषध असेल आणि अजून जुनाच महाग ब्रँड चालू असेल, तर डॉक्टरांशी आधी याच ओळीबद्दल बोला.

दरनियंत्रणाबद्दल थोडक्यात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत ठरते. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. आधीच्या, १९९५ च्या आदेशात उत्पादनखर्च धरून किंमत ठरायची. आता बाजारात किमान एक टक्का हिस्सा असलेल्या ब्रँडची सरासरी काढून त्यावर दुकानदाराचे १६ टक्के चढवतात. म्हणजे बाजार आधीच चढा असेल तर सरासरीही चढीच निघते. अगदी महाग ब्रँड खाली येतो, पण औषधाच्या खऱ्या खर्चाशी त्या आकड्याचा संबंध राहत नाही. यादीबाहेरच्या औषधांची किंमत तर दर वर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते, आणि दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या पुष्कळ गोळ्या यादीबाहेरच असतात. जिथे बाजार पूर्ण कोलमडलेला होता तिथे नियंत्रणाने मोठं काम केलं: फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधयुक्त स्टेंटची किंमत २९,६०० वर आणली, त्याआधी तो लाखाच्या वर लावला जायचा.

नियंत्रण फार आवळलं तर काय होतं, तेही मी अनुभवलंय. पेनिसिलिनचं इंजेक्शन, संधिवाताच्या तापात हृदयाच्या झडपा वाचवायला लागणारं, अधूनमधून मिळेनासंच व्हायचं. भाव इतका कमी की कोणी बनवायला तयार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा आठ औषधांच्या कमाल किमती सरकारला ५० टक्के वाढवाव्या लागल्या, त्यात बेंझिल पेनिसिलिन होतं, ॲट्रोपिन होतं. स्वस्त पण न मिळणारं औषध रुग्णाच्या काही कामाचं नाही. खरेदी करताना सर्वांत कमी दर आला की माझे सहकारी आनंदतात. मी आधी विचारतो, हा दर परवडतो कसा? कच्च्या मालाच्या भावापेक्षाही निविदा खाली आली असेल तर पुरवठा मध्येच बंद पडणार किंवा गोळीत काहीतरी कमी असणार.

आता जे खरोखर चाललं, त्याबद्दल. १९९४ मध्ये तमिळनाडूने वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केलं. तिथली पद्धत खरेदी शिकणाऱ्या प्रत्येकाला मी समजावून सांगतो. औषधांची यादी आटोपशीर. माल फक्त उत्पादकाकडून, मधला व्यापारी नाही. कारखान्याची पाहणी आणि उलाढालीची अट पार केल्यावरच दराचं पाकीट उघडायचं. माल जिल्ह्याच्या गोदामात आला की बॅचचा नमुना काढायचा, त्यावरचं कंपनीचं नाव झाकून सांकेतिक क्रमांक घालायचा आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचा. कोणाचा माल तपासतोय हे प्रयोगशाळेला कळत नाही. अहवाल चांगला आला की माल रुग्णालयांना जातो. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असतं, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम, आणि ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे उचल करायची. ज्या औषधाला मागणी नाही ते वरून माथी मारलं जात नाही. राजस्थानने हाच मार्ग धरून २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू केली.

दुसरं उदाहरण आपल्या परळचं. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातल्या रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली. औषधं नेहमीचीच, कंपन्याही बाजारातल्याच. फक्त मागणी एकत्र मांडली आणि १,३२० कोटी रुपयांच्या आसपास वाचले. कायदा बदलला नव्हता, कमाल किंमत बदलली नव्हती. खरेदीदार बदलला होता.

मग महाराष्ट्रात काय अडतं? इच्छा नाही असं मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. खरेदी २०१७ मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झालं. प्रत्येक बदलात दर करार नव्याने करावे लागतात, आणि तोवर वॉर्डातल्या नातेवाइकाच्या हातात ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी पडते. खरेदीची यंत्रणा वर्षानुवर्षं एकाच जागी मुरावी लागते. गोदामातला साठा, मागच्या तीन वर्षांचा खप, कोणत्या पुरवठादाराची कोणती बॅच नापास झाली, हे ज्ञान खुर्ची बदलली की विखुरतं.

याहून मोठी गोष्ट आहे पैसे देण्याची, तिच्यावर मात्र सहसा बातमी होत नाही. सरकारी नोकरीत असताना माझ्या ओळखीचे चांगले उत्पादक निविदा भरायचंच टाळायचे, कारण बिलं कधी निघतील याचा भरवसा नसायचा. जे भरायचे ते उशिराचं व्याज दरात धरूनच भरायचे. आता आमच्या रुग्णालयात मालाचा अहवाल आला की महिन्याच्या आत पैसे जातात. आमची मागणी सरकारच्या तुलनेत चिमूटभर, तरी काही औषधांत आम्हाला मोठ्या निविदेइतका चांगला दर मिळतो. एखाद्या जिल्हा रुग्णालयाचं औषधाचं अंदाजपत्रक न वाढवता फक्त बिलं वेळेवर निघाली, तर तेवढ्याच पैशांत जास्त औषध येईल, हे मी खात्रीने सांगतो.

रक्तदाबासारख्या आजारात आणखी एक सोय होते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे आपले जिल्हे सुरुवातीपासून होते. तिथे सगळ्या केंद्रांत एकच उपचारक्रम, त्यात मोजकीच औषधं. प्रत्येक डॉक्टर वेगळी गोळी लिहीत नाही म्हटल्यावर वर्षभर किती गोळ्या लागतील याचा हिशेब आधी मांडता येतो, आणि हिशेब मांडता आला की दर खाली येतो.

हे सगळीकडे सारखं चालणार नाही, हेही मान्य करतो. दुर्मिळ आजाराच्या औषधाला देशभरात मिळून थोडे रुग्ण असतात, तिथे एकत्र खरेदीनेही फार फरक पडत नाही. पेटंट असलेल्या एकाच कंपनीच्या औषधात सरकारला वाटाघाटी किंवा सक्तीचा परवाना हेच मार्ग उरतात. आणि अनेक औषधांचा कच्चा माल चीनमधून येतो. तिथे भाव चढला की आपली निविदा कितीही चांगली असो, तीही चढते.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सक्तीने थोडा फरक पडेल, पण त्याआधी बॅचनिहाय तपासणी, निकाल लोकांसमोर, आणि सरकारी खरेदी व जनऔषधी (केंद्र सरकारच्या योजनेतली स्वस्त जेनेरिकची दुकानं) इतकी भरवशाची की दुकानदारालाही भाव खाली आणावाच लागेल, हा क्रम मला योग्य वाटतो.

तुमच्या घरासाठी आता काय करता येईल ते सांगतो. दोघांच्या चिठ्ठ्यांवरच्या प्रत्येक ब्रँडचा मूळ घटक आणि मात्रा एका कागदावर लिहा, स्ट्रिपवर ते छापलेलंच असतं. तो कागद घेऊन जवळच्या जनऔषधी केंद्रात जा. तिथे स्ट्रिपवर छापलेली एमआरपीच कमी असते, सूट किती यावर अवलंबून राहावं लागत नाही, आणि माल प्रयोगशाळेत तपासून येतो. सगळी औषधं एकाच वेळी मिळतीलच असं नाही, म्हणून संपायच्या आठ-दहा दिवस आधी जा. नेहमीच्या मेडिकलवाल्याने जेनेरिक दिलं तर सूट किती ते न विचारता एका गोळीला किती पडतात ते विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्तदाब-मधुमेहाची मूळ औषधं मोफत मिळतात, तिथे दोघांची नोंदणी करून ठेवा. एकत्र गोळी लिहिलेली असेल तर तिचे घटक सुटे घेतले तर चालतील का, हे डॉक्टरांना विचारा, पुष्कळदा स्वस्त पडतात.

एक पथ्य मात्र पाळा. औषध बदलल्यावर दोन-तीन आठवडे घरी रक्तदाब आणि साखर मोजून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. वडिलांना रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल, किंवा घरात कोणाला फिट्सचं किंवा थायरॉइडचं औषध असेल, तर ती कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात बदलू नका. त्या औषधांत थोडासा फरकही भोवतो. बिल कमी करायचं असेल तर सुरुवात मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि अटॉरव्हास्टॅटिनपासून करा.